नव्या नवरीचं वाणसामान



आज सुरुवात एका यादीने करू या. खारवलेला मासा. सोडे. आंबवून खारवलेलं काळं सोयाबीन. बदकाची खारी अंडी. वाळवलेली संत्र्याची साल. सुकी अळिंबी. आलं. कोहळा, कारलं, चवळीच्या हातभर लांब शेंगा. मूग. आणि तांदूळ.

अर्धी यादी ऐकूनच आपल्या कोकणातल्या मैत्रिणी म्हणतील, हे तर आमच्याच फडताळातलं. पण ही यादी आहे चीनच्या दक्षिणेला असलेल्या क्वांगतुंग प्रांतातल्या तायशान तालुक्याच्या घरांतली. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथून हजारो बायका अमेरिकेला आपापल्या नवऱ्यांकडे गेल्या. परक्या मुलखात उतरलेल्या या बायकांना घरच्या चवीचं वाणसामान कुठून मिळालं, कुणी आणून दिलं आणि मध्येच ते का बंद झालं, हे आज आम्ही सांगणार आहोत. वाण्याच्या दुकानाची ही गोष्ट सांगताना कायदा, युद्ध आणि बाळंतपण या तिन्हींतून जावं लागतं.

आधी थोडं मागे जाऊ. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची हाक तायशानपर्यंत पोचली आणि पुरुष बोटीत चढले. अमेरिकेला त्यांच्या बोलीत नावच पडलं, सोन्याचा डोंगर. सोनं थोड्यांना मिळालं. बाकीच्यांनी रेल्वेचे रूळ टाकले, मासेमारी केली, शेतं कसली, लोकांचे कपडे धुतले. बायका गावी राहिल्या. आपल्या रत्नागिरीकडच्या बायका गिरणीतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीची वाट बघत सासूच्या हाताखाली आयुष्य काढायच्या, तसंच काहीसं. फरक इतकाच, की आपला चाकरमानी गणपतीला घरी यायचा. तिकडचा दहा-दहा वर्षांनी यायचा, एखादं मूल पदरात टाकून परत जायचा.

बायकोला बरोबर नेणं कायद्यानेच अवघड केलं होतं. १८७५ च्या कायद्याने चिनी बायकांवर संशयाचा शिक्का मारला, १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केलं. १८९० साली अमेरिकेतल्या चिनी वस्तीत एका बाईमागे २७ च्या आसपास पुरुष होते. १९२४ च्या कायद्याने तर अमेरिकेतच जन्मलेल्या, तिथला नागरिक असलेल्या चिनी माणसालाही चीनमधून बायको आणता येईना. १९३० साली जरा सूट मिळाली, तीही १९२४ पूर्वी लग्न झालेल्यांनाच.

म्हणजे गंमत बघा, त्या देशात चिनी किराणा बायकांच्या कितीतरी आधी पोचला होता. पुरुष मंडळी स्वतःच रांधत होती आणि त्यांना घरचंच खायचं होतं. हाँगकाँगमध्ये खास या धंद्यासाठी पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांना सोन्याच्या डोंगराच्या पेढ्या असंच म्हणत. तांदूळ, चहा, सुकी मासळी, सुकी कालवं, खारवलेली अंडी, मुरवलेला भाजीपाला, औषधी मुळ्या, सगळं बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला जायचं. तिथल्या चिनी वाण्याचं दुकान म्हणजे नुसतं दुकान नसायचं. गावाकडचं पत्र तिथेच यायचं, गावाकडे पैसे तिथूनच जायचे, अक्षर न येणाऱ्याचं पत्र वाणीच लिहून द्यायचा. १८६० च्या दशकात डोंगर फोडून रेल्वेमार्ग बांधणाऱ्या चिनी मजुरांकडे सुके मासे, भात आणि उकळलेल्या चहाची पिंपं असायची. इतर मजूर ओढ्याचं कच्चं पाणी पिऊन आजारी पडत, हे मात्र पुष्कळदा वाचत, असं इतिहासकार सांगतात. पाणी उकळण्याचं महत्त्व आमच्या श्रोत्यांना नव्याने सांगायला नको.

महायुद्धात चीन अमेरिकेच्या बाजूने लढला, तेव्हा मित्रदेशाच्या माणसांना दार बंद ठेवणं शोभेना. डिसेंबर १९४३ मध्ये बंदी उठली, पण वर्षाला फक्त १०५ माणसांचा कोटा. खरं दार उघडलं ते दोन वर्षांनी. अमेरिकी सैन्यात बारा हजारांहून जास्त चिनी तरुण लढले होते. २८ डिसेंबर १९४५ च्या कायद्याने सैनिकांना परदेशातल्या बायका आणायची मुभा दिली, आणि ऑगस्ट १९४६ च्या दुसऱ्या कायद्याने चिनी वंशाच्या इतर नागरिकांच्या बायकांनाही कोट्याबाहेर काढलं. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे सहा हजार चिनी बायका आल्या. काहींचं लग्न महिन्याभरापूर्वी झालेलं. नवरा रजा घेऊन गावी गेला, मुली पाहिल्या, एक पसंत केली, आणि दोघं बोटीत बसली. काहींच्या लग्नाला पंधरा-वीस वर्षं होऊन गेलेली, पण नवऱ्याबरोबर एका घरात राहायची वेळ पहिल्यांदाच. कागदोपत्री दोघींनाही नाव एकच, युद्धवधू.

बंदरात उतरलं की लगेच नवऱ्याचं घर, असंही नव्हतं. बाई खरंच त्याची बायको आहे का, याची चौकशी व्हायची. नवऱ्याला एका खोलीत विचारायचं, हिला दुसऱ्या, आणि उत्तरं ताडून बघायची. गावात घरांच्या ओळी किती? तुमचं घर कितवं? दाराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी घरात कुठे ठेवता? आता ज्या पुरुषाने दहा वर्षांत घर पाहिलं नाही त्याला कणगी कुठे सरकवली ते काय ठाऊक? हिने म्हणावं चुलीशेजारी, त्याने म्हणावं माजघरात, आणि तेवढ्यावर बाई अडकून पडावी. सॅन फ्रान्सिस्कोत या बायकांना एका सरकारी इमारतीत वरच्या मजल्यांवर कोंडून ठेवत, कधी आठवडे, कधी महिने. १९४८ मध्ये तिथे ३२ वर्षांच्या एका बाईने तीन महिने वाट पाहून गळफास घेतला. त्या दिवशी तिच्याबरोबर कोंडलेल्या बायकांनी अन्नाला हात लावला नाही. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, आणि त्यानंतर चौकशीच्या रीतीत थोडा बदल झाला. आम्हाला या साऱ्या प्रकरणात ती कणगीच पुन्हा पुन्हा आठवते. घरातली सगळ्यात साधी, सगळ्यात बायकी वस्तू, आणि तिच्यावर संसाराचा निवाडा.

सुटका झाली की ज्या सॅन फ्रान्सिस्कोतच राहणाऱ्या, त्यांचं बरं होतं. चायनाटाउनमधल्या स्टॉकटन स्ट्रीटवर आणि ग्रँट अव्हेन्यूवर भाजी, मासळी, औषधी मुळ्या, सगळं मिळायचं, आणि विकणारा तायशानचीच बोली बोलायचा. एका खोलीत संसार आणि सामाईक चूल हा त्रास होताच. पण किराण्याचा नव्हता. आणखी एक मौज म्हणजे पुष्कळ नवरे बायकोपेक्षा चांगले स्वयंपाकी होते. वर्षानुवर्षं हॉटेलांत आणि खाणावळींत हात भाजून घेतलेले. जुन्या चायनाटाउनमध्ये बाजार पुरुषच करायचे, व्यापाऱ्यांच्या बायका फारशा रस्त्यावर दिसतच नसत. या नव्या बायका मात्र शिवणाच्या कारखान्यातून परतताना पिशवी घेऊन बाजारात शिरू लागल्या. रोझ हम ली नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या नव्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. त्या स्वतः माँटाना राज्यातल्या एका चिनी कुटुंबात जन्मलेल्या. अनोळखी नवरा, अनोळखी बायको, लहान जागा, पैशांची ओढाताण, याबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे.

खरी पंचाईत झाली दूर गेलेल्यांची. कुणाच्या नवऱ्याची लाँड्री एखाद्या छोट्या गावात, जिथे दुसरं चिनी घरच नाही. आणि काहींचे नवरे होते मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या सपाट मुलखात, ज्याला तिथले लोक डेल्टा म्हणतात. या डेल्टातल्या बायकांपाशी आम्हाला जरा थांबायचंय, कारण त्या वाण्याच्याच बायका होत्या.

१८७० च्या दशकात काही चिनी पुरुषांना कापसाच्या मळ्यांवर राबवायला तिकडे नेलं. मळ्यावरची मजुरी परवडेना, तेव्हा त्यांनी छोटी किराणा दुकानं टाकली. गिऱ्हाईक बहुतेक काळे शेतमजूर. गोरा दुकानदार त्यांना नीट वागवत नसे, आणि काळ्या माणसाकडे दुकान घालायला भांडवल नसायचं. मधल्या जागेत चिनी वाणी बसला. जेम्स लोवेन यांनी मिसिसिपीतल्या चिनी लोकांवर १९७१ साली पुस्तक लिहिलं, त्यात त्या सुरुवातीच्या दिवसांचं वर्णन येतं. भाषा येत नसल्यामुळे दुकानदार गल्ल्यावर एक काठी ठेवायचा. गिऱ्हाइकाने काठीने फळीवरची वस्तू दाखवायची. माल संपत आला की शेवटचा नग राखून ठेवायचा आणि घाऊक व्यापाऱ्याच्या माणसाला तो दाखवून सांगायचं, हाच पाठव.

फळीवर काय असायचं? मक्याचं पीठ, डुकराची चरबी, खारवलेलं मांस, काकवी, डब्यातले सार्डिन मासे, तपकीर. गिऱ्हाइकाला जे हवं तेच. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत संसार. म्हणजे नव्या नवरीच्या एका भिंतीपलीकडे छतापर्यंत किराणा भरलेला, आणि तिला रांधायला हवं त्यातलं त्यात काही नाही! आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात बोलकी जागा आहे. खारा मासा, सोडे, सोयाबीन, डुकराच्या मांसाचं वाळवलेलं गोडसर लाप चाँग, हे सगळं दूरच्या शहरांतल्या चिनी वाण्यांकडून मागवायचं, पेट्या येईपर्यंत वाट बघायची आणि आल्यावर पुरवून वापरायचं.

त्या मुलखात त्यांचं स्थानही अधांतरी. रोझडेल गावचे गाँग लम हे असेच किराणा दुकानदार. त्यांच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, तेव्हा त्यांनी खटला भरला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२७ साली निकाल लागला, की चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेत घ्यायचं बंधन राज्यावर नाही. युद्धानंतर आलेल्या बायका या गावांत उतरल्या, ना इकडच्या ना तिकडच्या. शेजारणीकडून वाटीभर काही मागून आणावं, तर शेजारीण कोण?

मग त्यांनी केलं काय, तर दुकानामागची जागा खणली. कोहळा, चवळीच्या शेंगा, कारली, मोहरीचा पाला, बोक चॉय नावाची जाड पांढऱ्या देठाची पालेभाजी. डेल्टाची हवा उन्हाळ्यात दमट आणि गरम, जमीन नदीच्या गाळाची, तायशानला शोभेल अशी. वेल मांडवावर चढले. ताजी भाजी आता पेटीतून यायची गरज उरली नाही, पेटी फक्त सुक्या आणि खाऱ्या वस्तूंसाठी. परसबागेचे कार्यक्रम आम्ही कितीदा करतो, तेव्हा हे ऐकून आमच्या गटातल्या बायका खूश झाल्या, हे सांगायला हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, साध्या अमेरिकी दुकानात चिनी खाणं डब्यात मिळत नव्हतं का? मिळत होतं की. डेट्रॉइट शहरात १९२२ साली ला चॉय नावाची कंपनी निघाली. काढणारे दोघे मित्र, एक अमेरिकी आणि एक कोरियन. त्यांनी मोड आलेले मूग डब्यात भरून विकले. १९४० च्या दशकात मिनेसोटात चुन किंग निघाली, तिचा मालक इटालियन आईबापांचा मुलगा. दोन्ही कंपन्या चिनी नावावर चालल्या, चिनी माणूस कुठेच नाही. तायशानच्या बाईने तो डबा उघडून हुंगला असता तर ओळखलाही नसता. सोया सॉसचंच घ्या. खरा सोया सॉस म्हणजे सोयाबीन आणि गहू बुरशी धरवून, मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवायचा. अमेरिकी कारखान्यांतली सोपी रीत म्हणजे सोयाबीनचा चोथा आम्लात शिजवायचा, मग त्यात रंग आणि गोडी घालायची, काही दिवसांत बाटली तयार. लोणचं वर्षभर मुरवणं आणि व्हिनेगरमध्ये फोडी बुडवून लेबल लावणं, यात जो फरक तोच इथे.

मुगाचीही एक वेगळी कथा आहे. आपण मोड आणतो ते बोटभरही नाहीत. चिनी पद्धत म्हणजे अंधारात, झाकून, वरचेवर पाणी देत वाढवायचे, की पांढरे, लांब, कुरकुरीत होतात. युद्धात चीनमधून मूग येणं थांबलं, तेव्हा अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या शेतकऱ्यांनी मुगाची लागवड वाढवली. इंग्रजीतही त्याचं नाव आपल्याकडून गेलेलं मूगच.

त्याच १९४५ साली बुवेइ यांग चाओ या डॉक्टर बाईंचं चिनी स्वयंपाकावरचं इंग्रजी पुस्तक न्यूयॉर्कला निघालं. मोठ्या आचेवर भराभर परतण्याच्या चिनी रीतीला इंग्रजीत आज जो शब्द रूढ आहे, तो या पुस्तकातून आला. कोणत्या वस्तू चिनी दुकानातूनच आणायच्या आणि कशावर साध्या बाजारातल्या वस्तूंनी भागतं, हे त्यांनी उलगडून सांगितलं. पण हे पुस्तक इंग्रजी वाचणाऱ्या घरांसाठी. तायशानहून आलेल्या बहुतेकींना ते वाचता येणारं नव्हतं.

या साऱ्यात खरी निकड यायची बाळंतपणात. १९४६ नंतर चायनाटाउनमध्ये पाळणे हलू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनीज हॉस्पिटलमध्ये, जे १९२५ साली उघडलं, तिथे सुइणी आणि डॉक्टरांना उसंत नव्हती. आपल्याकडे सव्वा महिना, तसा त्यांच्याकडे पूर्ण एक महिना. वाऱ्यात जायचं नाही, गार प्यायचं नाही, केस धुवायचे नाहीत. आपल्या बाळंतिणीला आळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा. त्यांच्या बाळंतिणीला डुकराचे पाय, ढीगभर आलं आणि अंडी, तांदळाच्या गोड व्हिनेगरमध्ये तासन् तास शिजवलेली. व्हिनेगरने हाडातलं कॅल्शियम रश्शात उतरतं. दुसरा पदार्थ कोंबडीचा, आलं, काळी अळिंबी, शेंगदाणे, लाल सुकी बोरं आणि तांदळाची दारू घालून केलेला रस्सा. तांदळाची दारू मिळाली नाही तर तायशानच्या घरांनी त्यात सरळ व्हिस्की ओतली, आणि अमेरिकेत जन्मलेल्या पिढीला तोच चवीचा मूळ रस्सा वाटू लागला. अस्सल कशाला म्हणायचं, हा वाद इथे आमच्याकडून तरी सुटत नाही. बाळ महिन्याचं झालं की लाल रंगवलेली अंडी आणि आलं वाटायचं. सासू, आई, जाऊ सगळ्या समुद्रापलीकडे. मग आल्याचं, व्हिनेगरचं, बोरांचं बघायचं कुणी? नवरा, नाहीतर गल्लीतली जुनी चिनी बाई, नाहीतर औषधी मुळ्यांचा दुकानदार. बाळंतिणीला काय हवं हे या दुकानदारांना पाठ असायचं.

आणि मग १९५० च्या डिसेंबरात हे सगळं एका फटक्यात अडलं. कोरियात चिनी सैन्य अमेरिकेविरुद्ध उतरलं, आणि अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला. चीनमधून काहीही आणणं गुन्हा, चीनमध्ये पैसे पाठवणंही गुन्हा. खारा मासा, मुळ्या, संत्र्याची साल, सगळं शत्रूचा माल ठरलं. हाँगकाँगहून आणायचं तर तिथल्या सरकारचा दाखला लागायचा, की ही वस्तू चीनमधली नाही. आता सोयाबीनच्या दाण्यावर कुठे लिहिलेलं असतं, तो सीमेच्या कुठल्या बाजूला उगवला ते? सामान महागलं. ज्यांच्या आया, सासवा, लहान भावंडं गावी अडकली होती त्यांचे पैसे थांबले, पत्रं भीतभीत जाऊ लागली. जेवणातली एक वस्तू नाही याचं दुःख एवढं मोठं का, याचं उत्तर इथे आहे. ती वस्तू जिथून यायची ते गावच बंद झालं होतं. दुकानदारांनी हाँगकाँग आणि तैवानचा माल धरला. ऑयस्टर सॉस काढणारी ली कुम की पेढी १८८८ साली क्वांगतुंगमध्येच सुरू झालेली, पण ती आधीच मकाऊमार्गे हाँगकाँगला आली होती, त्यामुळे तिची बाटली येत राहिली. अळिंबी जपानची वापरली.

ही व्यापारबंदी वीस वर्षं टिकली. मधल्या काळात, १९६५ साली, अमेरिकेचा परदेशी लोकांबद्दलचा कायदा बदलला आणि आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर तिकडे जाऊ लागले, मागोमाग त्यांच्या बायका. तेव्हा आपलं दुकान तिथे जवळपास कुठेच नव्हतं. मग या मराठी बायकांना कोथिंबीर, आलं, कारली, मूग कुठे सापडले? चायनाटाउनमध्ये. अमेरिकी दुकानांत कोथिंबिरीला चायनीज पार्सली म्हणत, म्हणजे चिनी पाला. दुकानदाराशी भाषा जुळत नव्हती, पण कारलं हातात धरून दोघींना कळायचं. आणि इकडे आपल्या मुंबईतही त्याच मुलखाची माणसं आहेत. माझगावला चिनी दर्यावर्दी मंडळींनी बांधलेलं १९१९ चं देऊळ आहे, सी यिप कून. सी यिप म्हणजे चार तालुके, आणि त्या चारांतला एक तायशान.

जून १९७१ मध्ये अमेरिकेने बंदी उठवली. क्वांगतुंगची लेबलं पुन्हा चायनाटाउनच्या फळ्यांवर दिसू लागली. तोपर्यंत १९४८ च्या नवऱ्या पन्नाशीच्या आसपास आल्या होत्या. डेल्टातल्या मुलामुलींनी दुकानाच्या गल्ल्यामागेच अभ्यास केला, कुणी औषधविक्रेते झाले, कुणी इंजिनिअर, आणि शहरांकडे गेले. दुकानं एकेक करून बंद झाली. मागच्या अंगणातल्या बायकांनी मात्र मांडव मोडला नाही. उन्हाळा संपता संपता एखादा मोठा कोहळा वेलावरच पिकू द्यायचा, त्याच्या बिया धुऊन वाळवायच्या आणि पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या. मुलगी भेटायला आली की भाजीच्या पिशवीत तिलाही थोड्या.